साक्षीदाराची निशाणी

जून उजाडला, दहावी-बारावीचे आणि त्यांच्या पाठोपाठ प्रवेशपरीक्षांचे निकाल लागले, म्हणजे निगडीच्या भक्ती-शक्ती चौकापासून पिंपरीच्या आंबेडकर चौकापर्यंत महामार्गाच्या दोन्ही अंगांना मुलांचे चेहरे दिसू लागतात. शिकवणीवर्गांचे ते फलक. त्यांवर ओळीने लावलेली छायाचित्रे, प्रत्येकाखाली नाव आणि गुण, आणि वरच्या बाजूला वर्गसंचालकांची हात जोडलेली मोठी छबी. काही वर्षांपूर्वी अशाच एका फलकावर आमच्या इमारतीतल्या एका मुलाचा चेहरा झळकला. त्याच्या वडिलांना प्रथम आनंद झाला आणि मग ते विचारात पडले. कारण मुलाने त्या वर्गात शिकवणी अशी कधी घेतलीच नव्हती. परीक्षेच्या महिनाभर आधी दोन रविवारी तेथे विनामूल्य सराव-परीक्षा झाल्या होत्या, त्या त्याने दिल्या होत्या, आणि त्या वेळी भरलेल्या अर्जाला एक छायाचित्र चिकटवले होते. संबंध काय तो एवढाच.

प्रकरण तेवढ्यावर थांबले असते तर मी ते विसरूनही गेलो असतो. परंतु आमच्याच आवारात राहणाऱ्या, चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर असलेल्या एका गृहस्थांनी तो फलक पाहिला, आणि उसनवारी करून आपल्या मुलीची वर्षभराची फी त्या वर्गात भरून टाकली. पुढे खरा प्रकार कळल्यावर, भरण्यापूर्वी चौकशी का केली नाही असे मी त्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “शेजारचा पोरगा तिथं शिकला म्हटल्यावर आणखी काय विचारायचं होतं, काका?”

त्यांच्या ह्या उत्तरात मला त्यांची चूक दिसत नाही. विकणारा आपल्या मालाची स्तुती करणारच हे लहान मूलही जाणते, आणि म्हणून ती स्तुती ऐकताना आपले मन तिच्यातून काही ना काही वजावट आपोआप करीत असते. पण तीच स्तुती जेव्हा विकणाऱ्याच्या तोंडून न येता एखाद्या गिऱ्हाइकाच्या, रुग्णाच्या, विद्यार्थ्याच्या किंवा ज्याच्या शब्दाला आपण मान देतो अशा माणसाच्या तोंडून येते, तेव्हा ही वजावट होत नाही. त्या क्षणी ती जाहिरात राहत नाही, साक्ष होते. आणि साक्षीवर विश्वास ठेवणे हा मनुष्याच्या भोळेपणाचा नव्हे, तर त्याच्या समाजात राहण्याचा भाग आहे. डॉक्टर कोणता, शाळा कोणती, घर कुठे घ्यावे, हे सारे आपण एकमेकांना विचारूनच ठरवीत आलो आहोत. म्हणूनच ह्या साक्षीत खोट मिसळली, तर ज्याचे नुकसान होते तो लोभी किंवा आळशी मनुष्य नसून, बहुधा सरळ मनाचा आणि तुटपुंज्या मिळकतीचा मनुष्य असतो.

आपल्याकडच्या जुन्या न्यायव्यवहारात साक्षीची प्रतिष्ठा किती मोठी होती, हे वतनाच्या तंट्यांचे कागद पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको. तंटा गोतसभेपुढे आला, त्याचा निवाडा झाला, म्हणजे महजर लिहिला जाई आणि त्यावर हजर असलेल्या मंडळींची नावे पडत. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी करी, शेतकऱ्याचा नांगर, वाण्याचा तराजू, आणि ज्या त्या बलुतेदाराचे आपापले हत्यार. खरे बोलण्याची ग्वाही म्हणून बेलभंडार उचलायला लावीत. ह्या निशाण्यांकडे पाहताना मला नेहमी असे वाटत आले आहे की, त्या केवळ निरक्षरतेची सोय नव्हत्या. बोलणारा कोण आहे, गावात त्याचे स्थान काय, त्याचे हितसंबंध कोणत्या बाजूला जाण्याचा संभव आहे, हे पुढे कधीतरी तो कागद हाती घेणाऱ्याला त्या एका नांगराने किंवा तराजूने सांगितले जात असे. आजच्या न्यायालयातही पक्षकाराच्या भावाची साक्ष केवळ तो भाऊ आहे म्हणून फेकून देत नाहीत. ती अधिक सावधपणे तोलतात इतकेच. पण तोलण्यासाठी तो भाऊ आहे हे आधी ठाऊक असावे लागते. जाहिरातीतील शिफारशींविषयीचा जो कायदा आज आपल्याकडे अमलात आहे, त्याचे मर्म मला ह्याहून वेगळे दिसत नाही: साक्षीदाराने बोलू नये असे तो म्हणत नाही, त्याने आपली निशाणी करावी असे म्हणतो.

ह्या कायद्याच्या मुळाशी महाराष्ट्राचे, आणि त्यातही पुण्याचे, कर्तृत्व थोडेथोडके नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी ह्यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, पाठोपाठ मुंबईत मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि ग्राहक हाही अर्थव्यवहारातील एक स्वतंत्र पक्ष आहे, त्याला केवळ दयेचे नव्हे तर हक्काचे स्थान आहे, हा विचार घरोघर पोहोचू लागला. १९८६ साली संसदेने ग्राहक संरक्षण कायदा केला. तो कायदा मुख्यतः फसल्यानंतर दाद मागण्याचा होता. फसवणूक होण्याआधी ती रोखणारी, स्वतःहून चौकशी करणारी यंत्रणा त्यात नव्हती. ही उणीव २०१९च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने भरून काढली. जुलै २०२० मध्ये तो अमलात आला आणि त्याच महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले.

नव्या कायद्याने शिफारशीची व्याख्याच करून ठेवली आहे. एखाद्या व्यक्तीचे बोलणे, तिने वस्तू वापरून दाखवणे, तिचे नाव, सही, छबी किंवा तिला ओळखता येईल अशी कोणतीही खूण, अथवा एखाद्या संस्थेचे नाव किंवा मोहोर, ह्यांपैकी काहीही जाहिरातीत असे योजले असेल की, हे त्या व्यक्तीचे किंवा संस्थेचे स्वतःचे मत वा अनुभव आहे अशी पाहणाऱ्याची समजूत व्हावी, तर ती शिफारस. ही व्याख्या बारकाईने वाचली म्हणजे ध्यानात येते की, तोंडातून शब्द निघाला पाहिजे अशी अटच नाही. आमच्या इमारतीतल्या मुलाने एक अक्षरही उच्चारले नव्हते. त्याचा चेहराच साक्ष देत होता. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येतही वस्तूचे खोटे वर्णन आणि खोटी हमी ह्यांच्या जोडीला, महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणे हाही स्वतंत्र प्रकार धरलेला आहे. फलकावरचे प्रत्येक अक्षर खरे असूनही फलक खोटा असू शकतो, हे कायद्याला मान्य आहे.

१० जून २०२२ रोजी प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या. त्यांत शिफारशीसंबंधी दोन गोष्टी सांगितल्या आहेत, आणि मला त्या दोन्ही फार मोलाच्या वाटतात. पहिली अशी की, शिफारस ही शिफारस करणाऱ्याचे खरेखुरे आणि सध्याचे मत असले पाहिजे, आणि त्या मतामागे वस्तूची पुरेशी माहिती किंवा अनुभव असला पाहिजे. ह्यातला ‘सध्याचे’ हा शब्द आमच्या भागातल्या लोकांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. मोशी, चिखली, चऱ्होली, वाकड ह्या बाजूंना ज्या टोलेजंग वसाहती उभ्या राहिल्या, त्यांच्या जाहिरातींत एखादे दांपत्य नव्या घराच्या सज्जात उभे राहून समाधान व्यक्त करताना दिसते. किल्ल्या हाती आल्या त्या दिवशीचे ते समाधान अगदी प्रामाणिक असेल. परंतु पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९पासून महापालिकेचा पाणीपुरवठा एक दिवसाआड होतो आहे, अनेक सोसायट्या टँकरवर दिवस काढीत आहेत, आणि त्याच दांपत्याचा दोन वर्षांनंतरचा अभिप्राय काय असेल ह्याची कल्पना कोणालाही करता येईल. जुने समाधान नव्या गिऱ्हाइकासमोर ताजे म्हणून मांडणे हे नियमाला धरून नाही.

दुसरी गोष्ट निशाणीची. शिफारस करणारा आणि माल विकणारा ह्यांच्यात असा काही संबंध असेल की, ज्याच्यामुळे शिफारशीच्या विश्वसनीयतेत फरक पडावा, आणि तो संबंध पाहणाऱ्याला सहज अपेक्षित नसेल, तर तो पूर्णपणे उघड केला पाहिजे. ह्या वाक्यातील दोन्ही अटी समजून घेण्यासाठी मी वाचकांना चाकणच्या कांद्याच्या बाजारात घेऊन जातो. तेथे अडत्या कांद्याच्या ढिगापाशी उभा राहून मालाचे गुण गात असतो. कांदा किती टणक आहे, किती टिकेल, पत्ती कशी चढली आहे, सगळे सांगतो. त्याच्या गळ्यात ‘मी अडत घेतो’ अशी पाटी नसते, आणि तिची जरुरीही नाही, कारण सौद्याला उभ्या असलेल्या प्रत्येक खरेदीदाराला ते ठाऊक असते आणि तो त्या मानानेच अडत्याचे बोलणे ऐकत असतो. पण समजा, त्याच ढिगापाशी दुसरा एक खरेदीदार येऊन म्हणाला, “मागल्या आठवड्यात मी ह्यांचाच माल नेला, एक नग सडला नाही,” आणि तो खरेदीदार मुळात अडत्याचा मेहुणा असला, किंवा त्या एका वाक्याबद्दल त्याच्या खिशात पाचशे रुपये पडले असले, तर? अडत्याचे बोलणे आणि मेहुण्याचे बोलणे ह्यांत शब्दांचा फरक नाही. फरक आहे तो आपल्याला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही ह्यात. नियमाने जो संबंध उघड करायला सांगितला आहे, तो हा मेहुण्याचा.

चित्रपटतारकांच्या बाबतीत हा प्रश्न फारसा बिकट नव्हता. धारवाडात जन्मलेल्या आणि मराठी रंगभूमीवरून चित्रपटात गेलेल्या लीला चिटणीस १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या, आणि असा मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय तारका समजल्या जातात. त्याही आधी, स्वदेशीच्या काळात, मुंबईच्या गोदरेजच्या साबणाची शिफारस रवींद्रनाथ ठाकूर ह्यांनी केली होती. मोठ्या नावाच्या आधाराने माल खपवणे ही प्रथा अशी जुनी आहे. पण छापील जाहिरातीच्या चौकटीत तारका दिसली, की तिला ह्याचे मानधन मिळत असणार हे पुढेपुढे सर्वांनाच कळू लागले, आणि ती चौकट हीच निशाणी झाली.

गेल्या दहा-बारा वर्षांत ही चौकट नाहीशी झाली. पिंपळे सौदागरमधली एखादी मुलगी भ्रमणध्वनीपुढे बसून, आईशी बोलावे तशा घरगुती मराठीत एखाद्या तेलाचे, क्रीमचे किंवा नव्या उपाहारगृहातल्या मिसळीचे कौतुक करते, तेव्हा ती आपल्याला तारका वाटत नाही, ओळखीतली वाटते. लोक तिला इन्फ्लुएन्सर म्हणतात. आणि तिची सारी पुंजी तरी काय, तर हा ओळखीचा भाव. तो भाव विकत घेता येतो हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. मला त्या मुलीचा राग नाही. अनेकींनी ह्या कामातून घर सावरले आहे, आणि मराठी बोलीला त्यामुळे एक नवे व्यासपीठही मिळाले आहे. पण तिचे पाहणारे तिच्यावर विश्वास ठेवतात म्हणूनच तिच्या शब्दाला किंमत आहे, आणि त्या विश्वासाचे ती देणे लागते.

जाहिरातदारांनी स्वयंनियमनासाठी १९८५ साली मुंबईत स्थापन केलेल्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ह्या संस्थेने, म्हणजे सर्वतोमुखी ‘आस्की’ने, अशा शिफारशींसाठी १४ जून २०२१पासून आपले नियम लागू केले, आणि २० जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ह्याच विषयावरची सविस्तर मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. त्या मार्गदर्शिकेत संबंध म्हणजे केवळ रोख पैसा असे मानलेले नाही. फुकट मिळालेली वस्तू, न मागता घरी आलेली भेट, सवलत, प्रवासाचा खर्च, वस्तूच्या बदल्यात प्रसिद्धी अशी देवघेव, त्या कंपनीतली नोकरी, मालकाशी नातेसंबंध, हे सर्व त्यात येते. म्हणजे फुकट खाल्लेली मिसळही सांगायची. स्वतःच्या पैशांनी खाल्ली आणि आवडली म्हणून सांगितले, तर मात्र तेथे कसलीच निशाणी नको. ते तुमचे आमचे बोलणे.

निशाणी कशी करावी ह्याविषयीचे नियम मुद्दाम सांगतो, कारण चुकवाचुकवी बहुतेक तेथेच होते. ‘जाहिरात’, ‘प्रायोजित’ किंवा ‘सशुल्क प्रसिद्धी’ ह्या अर्थाचा सरळ शब्द वापरायचा, कोडे घालायचे नाही. तो दहा-वीस हॅशटॅगांच्या गर्दीत दडवायचा नाही. चित्रावर असेल तर नजरेत भरेल असा ठेवायचा; चित्रफीत असेल तर तो दिसला पाहिजे आणि ऐकूही आला पाहिजे; थेट प्रक्षेपण असेल तर सबंध वेळ दिसत राहिला पाहिजे. आणि ज्या भाषेत शिफारस, त्याच भाषेत निशाणी. हा शेवटचा नियम आपण मराठी लोकांनी आग्रहाने धरून बसला पाहिजे असे मला वाटते. सबंध रील मराठीत, अगदी मावळी हेल काढून, आणि शेवटी कोपऱ्यात इंग्रजी संक्षेपाचे दोन-चार वर्ण, हा प्रकार मी वारंवार पाहतो. ज्या आजीबाई ते पाहून गुडघ्याचे तेल मागवतात, त्यांना ते वर्ण वाचता येत नाहीत, हे ते वर्ण लिहिणाऱ्याला ठाऊक असते. ‘जाहिरात’ हा शब्द त्यांना समजतो. ‘जाहीर’ करणे ह्यापासूनच तो निघाला आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. निशाणी केली म्हणजे खोटे बोलण्याचा परवाना मिळाला असे मुळीच नाही. ‘ही जाहिरात आहे’ असे ठळक अक्षरांत लिहून त्याखाली ‘मधुमेह मुळापासून बरा’ असे लिहिले, तर ते निषिद्धच आहे, आणि हा निषेध आजचा नाही, तो १९५४ सालचा आहे. त्या वर्षी संसदेने औषधे व जादुई उपाय ह्यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा केला. त्याच्या परिशिष्टात आज कर्करोग, मधुमेह, अपस्मार, रक्तदाब अशा ५४ विकारांची यादी आहे, आणि ते बरे करण्याची जाहिरात करणे हाच गुन्हा ठरवलेला आहे. पहिल्या अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पिंपरीकरांना हे साल आणखी एका कारणाने आठवायला हवे. त्याच १९५४ साली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ ह्यांच्या साहाय्याने, पिंपरीच्या माळावर हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहू लागला, आणि पुढल्या वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. ज्या काळात वर्तमानपत्रांची पाने धातुपौष्टिक चूर्णांनी आणि त्यांखाली छापलेल्या कृतज्ञ रुग्णांच्या पत्रांनी भरलेली असत, त्या काळात आमच्या गावात असे औषध बनू लागले की, ज्याच्या कुपीवर कोणाही रावसाहेबांचे प्रशस्तिपत्र छापावे लागले नाही. त्याची परीक्षा प्रयोगशाळेत आणि रुग्णालयाच्या खाटेपाशी झालेली होती. एका माणसाचा अनुभव कितीही खरा असला तरी तो एका माणसाचा अनुभव असतो. त्याने औषध सिद्ध होत नाही. म्हणूनच डॉक्टरांनी आपले नाव, सही किंवा छायाचित्र औषधाच्या जाहिरातीला देऊ नये असे त्यांच्या व्यवसायाच्या २००२ सालच्या आचारसंहितेत स्पष्ट म्हटले आहे. आणि आरोग्याविषयी बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सर मंडळींसाठी ऑगस्ट २०२३ मध्ये आणखी सूचना निघाल्या आहेत. कर्जाच्या आणि शेअरबाजाराच्या सल्ल्यांचा प्रश्न ह्याहून निराळा आणि मोठा आहे. तो येथे घेत नाही.

तर मग जाहिरातीत थोडीही अतिशयोक्ती चालत नाही काय? चालते. ‘आमच्यासारखी मिसळ त्रिभुवनात नाही’ हे वाक्य कोणी प्रतिज्ञापत्र म्हणून वाचत नाही. अलंकार कोठे संपतो आणि विधान कोठे सुरू होते, हे लंडनमधल्या एका खटल्याने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी फार सुरेख दाखवून दिले, आणि आपल्या विधिमहाविद्यालयांत तो आजही पहिल्या वर्षी शिकवतात. कार्बोलिक स्मोक बॉल नावाचा एक श्वासोपचाराचा गोळा विकणाऱ्या कंपनीने १८९१ साली जाहीर केले की, सांगितल्याप्रमाणे तो वापरूनही ज्याला फ्लू होईल त्याला शंभर पौंड देऊ, आणि आमची कळकळ दिसावी म्हणून हजार पौंड बँकेत ठेवले आहेत. श्रीमती कार्लिल ह्यांनी तो नेमाने वापरला, त्यांना फ्लू झाला, त्यांनी शंभर पौंड मागितले. ती नुसती वर्णनाची भाषा होती असा बचाव कंपनीने केला. न्यायालयाने बँकेतल्या त्या हजार पौंडांकडे बोट दाखवले आणि १८९२ साली कंपनीला पैसे द्यायला लावले. ज्या वाक्यावर विसंबून शहाणा मनुष्य पैसे खर्च करील, ते वाक्य अलंकार नव्हे.

शिकवणीवर्गांच्या बाबतीत प्राधिकरणाने ह्याच न्यायाने हात घातला. दिल्ली-चेन्नईच्या बड्या संस्थांपासून सुरुवात झाली. चेन्नईच्या शंकर आयएएस अकॅडमीने २०२२च्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेत देशभरात आपले ३३६ विद्यार्थी निवडले गेल्याची जाहिरात केली होती. चौकशीत आढळले की, त्यांपैकी २२१ जणांनी केवळ मुलाखतीच्या मार्गदर्शनाचा विनामूल्य कार्यक्रम घेतला होता. म्हणजे पूर्वपरीक्षा आणि मुख्य परीक्षा हे दोन डोंगर ते आपल्या बळावर चढून आले होते. यशस्वी मुलांनी कोणता अभ्यासक्रम घेतला हे जाहिरातीत दडवले होते, म्हणून संस्थेला पाच लाख रुपयांचा दंड झाला. नाव खरे, गुण खरे, चेहरा खरा, आणि तरीही दंड, कारण निशाणी नव्हती. नोव्हेंबर २०२४पर्यंत अशा १८ संस्थांना मिळून ५४ लाख ६० हजार रुपयांचा दंड झालेला होता. आणि त्या महिन्याच्या १३ तारखेला शिकवणीवर्गांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यांनुसार यशस्वी विद्यार्थ्याचे नाव, छायाचित्र किंवा अभिप्राय वापरायचा तर त्याची लेखी संमती हवी, आणि तीही निवड झाल्यानंतर घेतलेली; प्रवेशाच्या वेळी अर्जातच सही करवून ठेवलेली चालणार नाही. छायाचित्राच्या जोडीला त्याने कोणता अभ्यासक्रम घेतला, किती मुदतीचा, फी भरून की विनामूल्य, हे दिले पाहिजे. आणि खुलाशाचा टंक दाव्याच्या टंकाएवढाच असला पाहिजे. आमच्या इमारतीतल्या मुलाच्या वेळी ह्या सूचना नव्हत्या. त्याच्या वडिलांनी वर्गात जाऊन तोंडी विनंती केली होती; फलक पावसाळाभर तसाच राहिला.

शिक्षेचे मान थोडक्यात सांगतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल प्राधिकरण उत्पादकाला, आणि शिफारस करणाऱ्यालाही, दहा लाखांपर्यंत दंड करू शकते. पुन्हा तसेच केले तर पन्नास लाखांपर्यंत. शिफारस करणाऱ्यावर एक वर्षापर्यंत, आणि पुन्हा चुकल्यास तीन वर्षांपर्यंत, कोणतीही शिफारस न करण्याची बंदी घालता येते. जाहिरातीबद्दल थेट तुरुंगवासाची भीती त्याला ह्या कायद्यात नाही. ती उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे. शिफारस करणाऱ्याला बचावाचा एक रास्त मार्गही ठेवला आहे: आपण ज्याची ग्वाही देत आहोत ते खरे आहे काय, ह्याची आपण वाजवी खबरदारी घेऊन शहानिशा केली होती, असे त्याने दाखवले तर त्याला दंड होत नाही. घरांच्या जाहिरातींना ह्याशिवाय महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, वेगळा पहारा आहे. १ ऑगस्ट २०२३पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांकाबरोबर क्यूआर कोड बंधनकारक आहे. आणि जाहिरातीतल्या किंवा नमुना सदनिकेतल्या खोट्या गोष्टींवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला, प्रकल्पातून बाहेर पडायचे असल्यास, सारी रक्कम व्याजासह परत मागण्याचा हक्क रेरा कायद्याच्या बाराव्या कलमाने दिला आहे.

आमच्या महापालिकेत आकाशचिन्ह व परवाना विभाग नावाचे एक खाते आहे. १७ एप्रिल २०२३ रोजी रावेत-किवळे येथे वादळी पावसात मोठा लोखंडी फलक कोसळून पाच जीव गेले, तेव्हापासून फलकांच्या सांगाड्याची मजबुती, त्यांचे परवाने, त्यांची उंची ह्यांविषयी शहरात बरीच जागृती झाली. ती फार आधी व्हायला हवी होती. पण तो विभाग लोखंड तपासतो. लोखंडावरचा मजकूर तपासणे हे त्याचे काम नव्हे. मजकुराची तक्रार कोठे करावी हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही, वकीलही लागत नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे ही तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी देता येते, आणि ग्राहकहिताला बाधक जाहिरातींची चौकशी करून प्राधिकरणाला अहवाल देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आस्कीकडेही जाहिरातीचे छायाचित्र पाठवून कोणालाही तक्रार करता येते. स्वतःचे पैसे गेले असतील आणि ते परत हवे असतील तर जिल्हा ग्राहक आयोग. तेथे दोन वर्षांच्या आत जावे लागते, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल शुल्कही पडत नाही. तक्रारीसोबत जाहिरातीचे छायाचित्र, ते कोठे आणि कोणत्या तारखेला घेतले ह्याची नोंद, आणि पैसे भरल्याची पावती जोडावी. रील असेल तर ती पुसली जाण्याच्या आत भ्रमणध्वनीत उतरवून ठेवावी.

आमच्या आवारातल्या त्या गृहस्थांनी पावती जपून ठेवली होती, पण ती माझ्याकडे घेऊन आले तेव्हा दोन वर्षे होऊन गेली होती.

यंदा जूनमध्ये त्याच रस्त्याने येताना एका नव्या फलकापाशी मी थांबलो. चेहरे पूर्वीसारखेच ओळीने लावलेले होते आणि ह्या वेळी प्रत्येकाखाली नाव व गुण ह्यांच्या जोडीला आणखी एक ओळ होती. नाव आणि गुण पलीकडच्या पदपथावरून वाचता येत होते. ती ओळ वाचण्यासाठी मला रस्ता ओलांडून फलकाच्या पायथ्याशी जावे लागले. सात मुलांच्या चेहऱ्यांखाली ‘सराव-परीक्षा, विनामूल्य’ असे छापलेले होते. मी जवळून एक आणि रस्त्यापलीकडून एक अशी दोन छायाचित्रे घेतली, मागे तारीख आणि चौकाचे नाव टिपले, आणि घरी आल्यावर अर्जाचा मायना लिहिला: प्रति, मा. जिल्हाधिकारी, पुणे.